पायाळूचा खुबा

मित्रांनो, आपली प्रत्यक्ष भेट कधी होणार नाही. मी जिथे राहतो तिथे उजेड पोचत नाही. कातडी, चरबी आणि जाड स्नायू यांच्या आत, खूप खोल, मी गेली जवळजवळ साठ वर्षे आहे. एका बाईच्या डाव्या मांडीच्या हाडाचा मी वरचा गोळा. आता जुना झालो, झिजलो, एका बाजूने चपटाही झालो आहे.

तुम्ही उभे राहा आणि कमरेखाली बाजूला हात लावा. एक कठीण उंचवटा लागेल. तो मी नव्हे. तो माझा शेजारी, त्याच हाडाचा बाहेर आलेला कोपरा. मी त्याच्या आतल्या बाजूला असतो. शाळेत तुम्ही उखळीचा सांधा शिकता ना? कमरेच्या हाडाला बाजूला एक खोल वाटी असते, तीच उखळ, आणि तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो. या साऱ्या जागेला मोठी माणसे खुबा म्हणतात. खुबा नीट असतो म्हणून तुम्हाला मांडी घालून बसता येते, सायकलवर टांग टाकता येते. माझ्याखाली शरीरातले सर्वांत लांब हाड आहे. त्याच्या टोकाला गुडघा आणि गुडघ्याची वाटी, मग नडगी, तिच्या शेजारी पोटरीचे काटकुळे हाड, मग घोटा, टाच आणि पावलातली लहान लहान हाडे. वरच्या शरीराचा भार कमरेच्या हाडावर येतो, त्याच्याकडून माझ्यावर येतो, आणि मी तो खाली पोचवतो. सगळ्या घरी असे चालते. आमच्या घरी तसे चालले नाही.

माझ्या मालकिणीचे नाव प्रमोदिनी. तिचा जन्म बेंगळूरच्या नगरतपेठेत, श्रीधररावांच्या घरी झाला. खाली अस्तराच्या कापडाचे आणि बटणांचे दुकान, वर घर. या घराण्यातली माणसे कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आली. घरात मराठी बोलतात, गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि भांडण जुंपले की दोन्ही. बाळ सहसा डोक्याकडून जन्मते. प्रमोदिनी पायांकडून जन्मली. अशा मुलाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. पायाळूने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी जुनी समजूत आहे. उसण म्हणजे पाठीत एकाएकी भरणारी चमक. ती भरली की वाकलेला माणूस वाकलेलाच राहतो.

श्रीधररावांनी सुईणीला पहिला प्रश्न विचारला तो असा : "आधी कुठला पाय आला?"

"उजवा," सुईण म्हणाली.

झाले. उजव्या पायाला त्याच दिवशी हळदकुंकू लागले. डावा पाय पोटाशी दुमडून अडकला होता आणि सुईणीने तो ओढून सोडवला होता. त्याच्याविषयी कोणी काही विचारले नाही.

मित्रांनो, तेव्हा मी हाड नव्हतोच. तुमच्या कानासारखी मऊ कूर्चा होतो. आणि माझी उखळही तयार नव्हती. उखळ आधी खोल घडते आणि मग गोळा तिच्यात जाऊन राहतो, असे तुम्हाला वाटेल. तसे नसते. गोळा मधोमध टेकून हलत राहतो, म्हणून उखळ त्याच्याभोवती खोल होत जाते. ओल्या मातीत मूठ दाबून धरली तर खळगा होतो ना, तसे. मूठच काढून घेतली तर मातीने काय करावे?

पायांकडून आलेल्या बाळाचा खुबा पुष्कळदा सैल असतो. माझा होता. न्हाऊ घालायला एक म्हातारी यायची. मायाळू बाई होती. बाळाचे पाय पुढे वाकडे राहू नयेत म्हणून ती ते तेल लावून सरळ ताणायची, गुडघ्याला गुडघा जोडायची आणि दुपट्यात घोट्यापर्यंत गच्च गुंडाळायची. बेडकासारखे पसरलेले पाय तिला बघवत नसत. पण तान्ह्या बाळाचे पाय तसे पसरलेलेच चांगले. तेव्हाच गोळा उखळीच्या मधोमध टेकतो. सरळ ताणले की काठाकडे सरकतो. मी रोज थोडा थोडा सरकलो आणि एके दिवशी काठाबाहेर निसटलो. आवाज झाला नाही. प्रमोदिनी रडलीसुद्धा नाही.

मग मी वर चढलो आणि कमरेच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला टेकलो. तिथे घासून घासून मी आपला एक उथळ खळगा केला. माझी खरी उखळ रिकामी राहिली आणि चरबीने भरून गेली. डावा पाय तेवढा आखूड झाला.

प्रमोदिनी उशिरा चालायला लागली. प्रत्येक पावलाला ती डावीकडे झुकायची. तिची आई भागीरथीबाई एकदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, दवाखान्यात दाखवू या का? पोरगी होडीसारखी डुलते."

"पायाळूची चाल वेगळीच असते," श्रीधरराव म्हणाले. "देवानं घडवलेल्या पायाला डॉक्टरचा हात कशाला?"

पुढे भागीरथीबाईही सगळ्यांना तेच सांगू लागल्या.

पोर पाच-सहा वर्षांची झाली आणि रविवार सुरू झाले. सकाळी दुकान बंद असे. वरच्या खोलीत चटई अंथरायची. पाठ धरून माणसे यायची, नगरतपेठेतली, आनेकलची, देवनहळ्ळीची. पालथी झोपायची. प्रमोदिनी भिंतीला एक हात लावून उभी राहायची, उजवा पाय उचलून त्यांच्या पाठीवर तीनदा टेकवायची आणि शेवटी एक हलकी लाथ द्यायची. पैसे कोणी द्यायचे नाहीत, तसा नियम होता. पायाला मात्र नमस्कार करायचा. पावलातली सव्वीस हाडे त्या नमस्कारांनी अगदी फुगून गेली होती. उजवा पाय हवेत असताना सारे शरीर कोणावर उभे आहे, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही. ते माझ्यावर उभे असायचे. उखळीत नसलेल्या गोळ्यावर.

पुढे ती मोठी झाल्यावर यशवंतपूरच्या बाजारातला कांद्याचा अडत्या नागनाथ तर दर दोन महिन्यांनी यायचा. जिना चढतानाच त्याचे सुरू व्हायचे.

"अक्का, गोणीला हात लावला तो वाकडाच झालो बघा. बायको म्हणते, असेच राहा, निदान मान तरी खाली असते."

"झोप आता. बोलू नकोस," प्रमोदिनी म्हणायची.

"स्वल्प जोरात हं, अक्का. मागच्या वेळी हळू दिली, निम्मी उसण आत राहिली."

खोली हसायची. प्रमोदिनीही हसायची. मग ती पाय उचलायची आणि माझ्यातून एक कळ मांडीवरून थेट गुडघ्यापर्यंत जायची. हसणे मात्र तिच्या तोंडावर तसेच राहायचे.

तिने कधीच कोणाला का सांगितले नाही, असे तुम्ही विचाराल. मला त्याचे कारण माहीत आहे, कारण शाळेच्या वाटेवर मी तिच्याबरोबर होतो. कन्नडमध्ये लंगड्या बाईला कुंटी म्हणतात. शाळेतली मुले तिच्यामागे डुलत चालायची आणि "कुंटी, कुंटी" ओरडायची. सोमवार ते शनिवार ती कुंटी होती. रविवारी ती पायाळू होती आणि मोठी मोठी माणसे तिच्या पायापुढे पालथी पडायची. रविवार काढून घेतला असता तर तिच्याजवळ काय उरले असते?

लग्नाची वेळ आली तेव्हा श्रीधरराव म्हणाले, "हा पाय मी दुसऱ्याच्या घरी पाठवणार नाही." म्हणून घरजावई शोधला. श्रीरंग नावाचा एक शांत कारकून त्या घरात आला, एक मुलगा झाला, त्याचे नाव प्रणीत. श्रीरंग काही वर्षांपूर्वी वारले. बाळंतपणात माझे काय हाल झाले ते मी सांगत नाही. त्यानंतर प्रमोदिनीची स्वतःची पाठ धरली ती कायमची. साऱ्या गावाच्या पाठी तिच्याकडे यायच्या. तिच्या पाठीवर पाय ठेवायला कोणी नव्हते.

प्रणीत शाळेत जात असताना एकदा ती कोणाला न सांगता एका मोठ्या दवाखान्यात गेली. तिथे माझा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला.

"हा खुबा जन्मापासून निखळलेला आहे," ते म्हणाले. "लहानपणी कोणी पाहिलं नाही?"

"पाहिलं असतं तर?"

"पहिल्या काही आठवड्यांत पाहिलं असतं तर मऊ पट्टे बांधून पाय पसरलेले ठेवले असते. बहुतेक तेवढ्यावर भागलं असतं. आता मात्र फार दुखेल तेव्हा सांधा बदलायचा, एवढंच."

ती रिक्षाने घरी आली. रविवार नव्हता, तरी वर चटई अंथरलेली होती आणि देवनहळ्ळीहून आलेला कोणी एक जण पालथा पडून कण्हत होता. "आलीस का? बिचारा केव्हाचा वाट बघतोय," श्रीधरराव म्हणाले. प्रमोदिनीने पिशवी खाली ठेवली, भिंतीला हात लावला आणि उजवा पाय उचलला.

ही झाली माझी कामाची वर्षे. पण मित्रांनो, मी आज बोलतो आहे ते यासाठी नाही. एक म्हातारा गोळा झिजला, त्यात काय मोठेसे? मी बोलतो आहे ते दुसऱ्या एका गोळ्यासाठी.

प्रणीत मोठा झाला, कंप्युटरच्या कंपनीत लागला आणि तिथेच पुण्याहून आलेल्या भार्गवीशी त्याचे लग्न झाले. त्यांना मुलगी झाली. पोटात ती शेवटपर्यंत पाय खाली करून होती, म्हणून डॉक्टरांनी पोट उघडून तिला बाहेर काढले. नाव ठेवले स्वानंदी. घरात मोठा वाद झाला.

"ऑपरेशन करून काढली, ती पायाळू कशी?" भागीरथीबाई म्हणाल्या.

"डॉक्टरांनी आधी काय धरलं? पायच ना?" श्रीधरराव म्हणाले. "मग झाली पायाळू. वाट कुठली का असेना."

भार्गवी दमलेली होती, तरी हसली. तिला ते सगळे गमतीचे वाटले.

दवाखान्यातून सोडताना बाळाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "अशा बाळांचे खुबे कधी कधी सैल असतात. आता तरी हाताला काही जाणवत नाही. पण सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करून घ्या. घरात कोणाला जन्मापासून खुब्याचा त्रास आहे का?"

"छे," श्रीधरराव म्हणाले. "आमच्या घरात कोणालाच नाही."

ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या लेखी त्या घरात एक देवाची चाल होती, त्रास नव्हता. प्रमोदिनी दारापाशी उभी होती. तिने सारा भार उजव्या पायावर घेतला आणि ती खाली बघत राहिली.

घरी आल्यावर न्हाऊ घालायचे काम ऐंशीच्या घरातल्या भागीरथीबाईंनी हौसेने घेतले. तेच तेल, तेच ताणणे, तसेच घोट्यापर्यंत गच्च दुपटे.

"अम्मा, स्वल्प सैल बांध की," प्रमोदिनी म्हणाली.

"तुला असंच बांधलं होतं. काय वाईट झालं?"

प्रमोदिनीला उत्तर माहीत होते. ती गरम पाण्याची बादली उचलून आत गेली.

बारशाला गर्दी झाली. नागनाथ मिठाईचा मोठा पुडा घेऊन आला आणि वाकून म्हणाला, "आता आम्हाला दोन दवाखाने! मोठीकडे गर्दी असली की धाकटीकडे." लोकांनी हसत हसत पाठी पुढे केल्या आणि भागीरथीबाईंनी बाळाचे पाऊल एकेकाच्या पाठीला लावले. स्वानंदी झोपलेली होती.

सहा आठवडे होत आले. भार्गवीने फोनवर वेळ घेतली. श्रीधरराव तक्क्याला टेकून बसले होते. ते म्हणाले, "सव्वा महिना झाला नाही की निघाली बाहेर? आणि पायाळूच्या पायावरून यंत्र फिरवलं की गुण जातो."

"आजोबा, नुसती तपासणी आहे हो. दुखत पण नाही."

"हिच्या पायावर कधी यंत्र फिरवलं नाही," ते प्रमोदिनीकडे बोट दाखवून म्हणाले. "काय बिघडलं हिचं?"

भार्गवी सासूकडे वळली. "आई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू. जाऊ का?"

मित्रांनो, ती वेळ मला अजून आठवते. मी तिच्या आत होतो. माझ्या भोवतीचा प्रत्येक स्नायू ताठ झाला. एवढे एक वाक्य तिने बोलायचे होते. पण समोर म्हातारे वडील होते, ज्यांनी आयुष्यभर चारचौघांत तिचा पाय मिरवला होता. आणि त्यांच्या मागे, फार लांब, ती डुलत चालणारी मुले होती.

"बघू नंतर," प्रमोदिनी म्हणाली. "घाई काय आहे?"

भार्गवीने वेळ रद्द केली. पुढे तिची नोकरी सुरू झाली, सकाळपासून मीटिंगा, आणि ते राहूनच गेले.

स्वानंदी दहा महिन्यांची झाली. रांगायला लागली. उजवा गुडघा पुढे टाकायची आणि डावा मागून ओढत आणायची. एके दिवशी दुपारी भार्गवी पुण्याला आपल्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. फोन तिने बाळाच्या दिशेने धरला.

"बघ ना, कशी एक पाय ओढते! अगदी आजीची स्टाइल. ही पण तशीच चालणार बहुतेक."

फोनमधून हसू आले. स्वयंपाकघरात प्रमोदिनी फोडणी देत होती. तिने गॅस बंद केला. बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली.

"भार्गवी, फोन ठेव."

"काय झालं, आई?"

"ठेव आधी."

फोन बंद झाला. प्रमोदिनी म्हणाली, "ती स्टाइल नाही. माझा खुबा जन्मापासून निखळलेला आहे. हिचाही असणार. आजच्या आज दाखवू या."

भार्गवीने बाळाला उचलून घेतले. "तुम्हाला कधी कळलं?"

"प्रणीत शाळेत होता तेव्हा."

"मग मी तुम्हाला विचारलं होतं ना? इथेच बसून विचारलं होतं. घाई काय, म्हणालात तुम्ही."

"हो."

भार्गवी ओरडली असती तर बरे झाले असते. ती बाळाला घेऊन खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले.

संध्याकाळी तिघी दवाखान्यात गेल्या. हाडांच्या डॉक्टरांनी स्वानंदीला पालथे झोपवून दोन्ही मांड्यांवरच्या वळ्या पाहिल्या. त्या सारख्या नव्हत्या. उताणे करून गुडघे उभे जोडले तर डावा खाली राहिला. मांड्या पसरून पाहिल्या तर डावी अर्ध्यावर अडली. मग फोटो काढला. माझ्या त्या धाकट्या भावंडाचे अजून पुरते हाडही झाले नव्हते. फोटोत एक लहानसा ठिपका दिसत होता आणि तो चुकीच्या जागी होता.

"घरात कोणाला हा त्रास?" डॉक्टरांनी विचारले.

"मला," प्रमोदिनी म्हणाली.

पट्ट्यांची वेळ निघून गेली होती. बाळाला भूल देऊन गोळा उखळीत बसवावा लागेल, मग छातीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर, आणि ते काही महिने. "तरीही टिकेलच असं सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "उखळ उथळ राहिली आहे. ती वाढली तर ठीक. नाही तर पुढे मोठं ऑपरेशन करावं लागेल."

त्यानंतरचा रविवार. चटई नेहमीप्रमाणे अंथरलेली होती. नागनाथ पालथा पडला होता आणि म्हणत होता, "अक्का, या वेळी दोन लाथा. एक माझी, एक बाजारभावाची." श्रीधरराव खुर्चीत बसून मान डोलावत होते. प्रमोदिनी भिंतीशी आली, पण तिने पाय उचलला नाही.

"ऊठ, नागनाथ. मी आता पाय लावणार नाही. कोणालाच नाही."

"का, अक्का? चुकलं काही माझं?"

"माझा डावा खुबा निखळलेला आहे. जन्मापासून. तुझ्या पाठीवर पाय ठेवते तेव्हा मी त्याच्यावर उभी असते."

नागनाथ चटईवर उठून बसला. त्याच्या तोंडावर चटईचे वळ उमटले होते. "मग माझी उसण जायची कशी?"

"उसण दोन-चार दिवसांत आपली आपण जाते रे."

"प्रमोदिनी!" भागीरथीबाई म्हणाल्या. "देवाच्या देण्याबद्दल असं बोलू नये."

"अम्मा, तेच देणं बाळालाही मिळालंय. परवा तिला भूल देणार आहेत."

श्रीधररावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्यांनी विचारले, "दुखायचं तुला?"

"रोज, अप्पा."

"पाय लावतानासुद्धा?"

"तेव्हा जास्त."

"पण तू हसायचीस की गं."

"लोक बरे होऊन जायचे ना. म्हणून हसायचे."

श्रीधरराव उठले. त्यांना चटई स्वतः गुंडाळायची होती, पण त्यांना वाकता येईना. नागनाथने ती गुंडाळली आणि भिंतीला उभी केली. तो पाठ धरून, एकेक पायरी उतरत निघून गेला. जाताना त्याने सवयीने पायाला नमस्कार करायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. त्यानंतर दुकानात कोणी पाठीची चौकशी केली की श्रीधरराव "बंद आहे" एवढेच म्हणतात आणि बटणांचे डबे पुसत राहतात.

आणि प्रमोदिनी? तिला आता कोणी नमस्कार करत नाही. गल्लीत दोन-चार बायका म्हणतात, "एवढी वर्षं लोकांना फसवलं." माझ्याविषयी डॉक्टर म्हणाले की सांधा बदलायला हवा, वेळ झाली आहे. ती म्हणाली, आधी पोरीचे होऊ दे. मी वाट बघतो आहे. मला काढून टाकतील तेव्हा मला दुःख होणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी बाळ जन्माला आले तर त्याचे पाय सरळ करून गच्च बांधू देऊ नका. पसरलेले राहू द्या. बाळ पायांकडून आलेले असेल, किंवा घरात कोणी जन्मापासून लंगडत असेल, तर तसे डॉक्टरांना नक्की सांगायला लावा. मोठी माणसे हसतील, रागावतील, गुण जाईल म्हणतील. तरी सांगा. आणि तुमच्या वर्गात कोणी डुलत चालत असेल तर त्याच्या मागे डुलत चालू नका. त्याच्या शेजारून चाला आणि दुखते का ते विचारा. तेव्हा एका मुलीला कोणी तसे विचारले असते, तर तिला खरे बोलायला इतकी भीती वाटली नसती.

स्वानंदीला प्लॅस्टर घातले आहे. पाय बेडकासारखे पसरलेले, मधे एक आडवी काठी. खाज सुटते तेव्हा ती प्लॅस्टरवर मूठ आपटते आणि रडते. भार्गवी सासूशी कामापुरतेच बोलते. आज सकाळी तिची मीटिंग सुरू होत होती आणि बाळ थांबत नव्हते. तिने दोन पावले पुढे येऊन बाळ प्रमोदिनीकडे दिले.

"घ्या," ती म्हणाली. "नीट धरा."

प्रमोदिनीने तिला डाव्या कडेवर घेतले. प्लॅस्टरमुळे ती फार जड आहे. सारा भार माझ्यावर आला आणि कळ गुडघ्यापर्यंत गेली. प्रमोदिनी हसली नाही. तोंड वाकडे करून, भिंतीला धरून, ती उभी राहिली. भार्गवीने ते पाहिले. तिने पायाने एक खुर्ची सासूकडे सरकवली आणि ती आपल्या कामाला गेली.

आता ती लहान मांडी माझ्यावर टेकली आहे. आमच्या मध्ये कातडी, पातळ आणि प्लॅस्टर आहे. आत तो इवला गोळा उखळीच्या मधोमध ठेवलेला आहे. उखळ त्याच्याभोवती वाढते आहे की नाही, हे अजून कोणालाच सांगता येत नाही.